बाबा ऐकत नाहीत

आमच्या घरात बाबांना ऐकू येत नाही असं कुणी म्हणत नसे. बाबा ऐकत नाहीत, असं म्हणत. या दोन वाक्यांमधल्या फरकावर आईचा अर्धा संसार उभा होता.

बाबा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मागांच्या खात्यात होते. उमेदीची सगळी वर्षं त्या खडखडाटात काढून निवृत्त झाले आणि मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आईच्या तावडीत सापडले. आई स्वयंपाकघरातून, पाठ फिरवून, नळ सुरू ठेवून बोलणार, आणि उत्तर आलं नाही की माझ्याकडे बघून म्हणणार, "एवढ्यात भिंत बोलली असती."

तिच्याजवळ पुरावाही होता. वरच्या मजल्यावरच्या काकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. ते जिन्यातून नुसतं "चाललो गा" म्हणाले, तरी बाबा आतून "या, बसा" म्हणत.

"पाहा, त्यायचं बरोबर ऐकू येते! बायकोचंच तेवढं कानात शिरत नाही."

एकदा तिनं सांबार आणायला सांगितलं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाबा अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन आले. आईनं त्यावर असं काही सुनावलं की कॉलनीत सगळ्यांना कळलं, बाबा सोडून.

"काहून ओरडून राहिली वं?" बाबा म्हणाले. "आवाज येऊन राहिला. बोलून काय राहिली, ते समजत नाही."

मी शाळेत ध्वनीचा धडा शिकवते. ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून राहिलं. मग लक्ष ठेवलं, तर बाबांना रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता, कुकरची शिट्टी नाही. काका ऐकू येत होते, आई आणि मी नाही. आईला शंका सांगितली, तर ती म्हणाली, "वा! माझाच आवाज गाळणारा रोग निघाला काय?"

कानाच्या तपासणीला ती हट्टानं सोबत आली, बाबांचं सोंग उघडं पडताना बघायला. बाबांना एका बंद खोलीत बसवून, कानांना यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. तपासणाऱ्या मुलीचा आवाज बासरीसारखा बारीक, त्यामुळे ही सूचनाच बाबांना कळली नाही. मग ती समोर बसून, आवाज खाली आणून, सावकाश बोलली. बाबांना सगळं कळलं. आईनं तोंड वाकडं केलं.

निकाल आईला वाटला होता तसा लागला नाही. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, मुलगी सांगत होती. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी त्या नळीच्या तोंडाशीच असतात आणि गोंगाटात बहुधा त्याच आधी मरतात. जाड आवाज टिपणाऱ्या आत असतात, त्या टिकतात. 'आ', 'ओ' पोचतात. 'स', 'श' गळून पडतात.

"म्हणजे सांबारातला 'स' गेला," मी म्हणाले.

"आणि ओरडलं तर 'आ' मोठा होतो, 'स' नाही," मुलगी म्हणाली.

आई पाठ फिरवून काहीतरी पुटपुटली. बाबांना त्याचीही कल्पना नव्हती.

श्रवणयंत्र आलं. पहिल्या दिवशी बाबा पंख्यावर, वर्तमानपत्राच्या सळसळीवर, स्वतःच्या चपलांवरही वैतागले. मेंदूला इतकी वर्षं न भेटलेले आवाज एकदम भेटले, तर तो बिचारा कुणाकुणाचं स्वागत करणार? हळूहळू त्यांना सवय झाली. आईची मात्र पंचाईत झाली. भांडी घासताना नणंदेबद्दल पुटपुटायची तिची जुनी सोय होती. तशी ती एका संध्याकाळी पुटपुटली, आणि बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं,

"माह्या बहिणीनं तुले काय केलं वं?"

आईच्या हातातलं ताट सिंकमध्ये पडलं. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली, बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसली, आणि तपासणीच्या वेळी त्या मुलीनं केलं होतं तसं, तोंडाकडे तोंड करून, आवाज खाली आणून, सावकाश, नणंदेनं लग्नापासून काय काय केलं ते सांगू लागली. बाबा प्रत्येक मुद्द्यावर हरकत घेत होते. जेवणं थंड झाली. त्या घरात दोन्ही बाजूंनी चाललेलं भांडण मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि दोघांनाही थांबायची घाई दिसत नव्हती.