दोन घोड्यांमधून नुन्झियाता

नेपल्सला पहिल्यांदा आलेला माणूस उभ्या उभ्या कॉफी पितो, घडी घातलेला पिझ्झा शर्टावर सांडतो आणि शेवटी आमच्या चौकात येऊन फजिती करून घेतो. राजवाड्याच्या दाराला पाठ लावायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि समोरच्या दोन ब्राँझच्या घोड्यांमधून पलीकडच्या चर्चकडे जायचं. मधे बस जाईल एवढी जागा आहे, तरी सगळे बाजूलाच भरकटतात. कोपऱ्यावर माझं वर्तमानपत्रांचं दुकान आहे, त्यामुळे हा तमाशा मी वर्षानुवर्षं फुकट पाहतोय.

तमाशाचा मालक आनिएल्लो. पर्यटकांना फिरवतो, गळ्यात लाल रुमाल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "मंडळी, आजवर एकही माणूस इथून गेलेला नाही!" असं तो रोज सांगे आणि नुन्झियाता रोज झाडू थांबवून ते ऐके.

नुन्झियाता कापुआनो आमची झाडूवाली. बुटकी, रुंद आणि फटकळ. सव्वीस वर्षं हा चौक तिनंच झाडला, तिनंच धुतला. लोक तिच्या ओल्या फरशीवरून खुशाल चालत जात, पण नाव कुणाला ठाऊक नव्हतं. घोड्यांवरच्या राजांकडे बघत ती एकदा मला म्हणाली, "यांची नावं दगडात कोरलीत. एक दिवस तरी झाडला होता का रे यांनी हा चौक?" मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिनं झाडू माझ्या दुकानाला टेकवला आणि आनिएल्लोसमोर जाऊन हात पुढे केला.

"दे ती पट्टी."

"अगं बाई, घरी जा. सून वाट बघत असेल."

"बघू दे. पलीकडे गेले तर काय देशील?"

"माझा रुमाल देतो, जा!"

"ठेव तुलाच, घामट मेला. एकही माणूस गेला नाही म्हणतोस ना? त्यात माझं नाव घालायचं. पूर्ण नाव. रोज."

चाळीस पर्यटक बघत होते, नाही म्हणणार कसा? "आणि हरलीस तर?"

"तर निमूट घरी जाते. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

पट्टी बांधायच्या आधी तिनं बूट काढले, मोजेही काढले.

"आंघोळ करतेस की काय?" आनिएल्लो खिदळला.

ती निघाली. बाई थेट डावीकडच्या घोड्यावर चालली होती! लोकांनी शिट्ट्या मारल्या. "गेली, गेली!" म्हणत आनिएल्लोनं टाळ्या पिटल्या. ती मात्र तळव्यांनी फरशी चाचपत संथ चालत राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौक दिसतो सपाट, पण उजवीकडे उतरतो. सव्वीस वर्षं धुण्याचं पाणी तिनं त्याच बाजूला ढकललं होतं. बाकीचे सरळ जायला बघतात आणि उतार त्यांना नकळत ओढून नेतो. तिनं तोंडच चढाकडे ठेवलं होतं, आणि उतार तिला हळूहळू मधे आणत होता.

शिट्ट्या थांबल्या. ती दोन्ही घोड्यांच्या मधून गेली आणि तशीच पुढे चालत राहिली. एवढी शांतता ऐकून ती घाबरली असावी. "हरले का रे?" तिनं विचारलं.

"अगं थांब!" मी ओरडलो. "चर्चच्या पायऱ्यांवर आपटशील!"

तिनं पट्टी ओढून काढली, मागे वळली. दोन्ही घोडे तिनं ओलांडले होते. तिनं दोन्ही हात वर केले आणि सगळा चौक ओरडायला लागला. ती रडली. मीही रडलो, त्यात काय लपवायचं!

"उतार ठाऊक होता हिला! ही लबाडी आहे!" आनिएल्लो चिडला.

"तूही रोज इथंच चालतोस की," ती म्हणाली. "एकदा बूट काढून बघ."

आता रोज अकराला आनिएल्लो घसा खाकरतो. "मंडळी, आजवर एकही माणूस इथून गेलेला नाही. एक बाई सोडून." तिथंच आटपायला बघतो. पण माझ्या दुकानातल्या खुर्चीवरून आवाज येतो, "पूर्ण नाव!"

"नुन्झियाता कापुआनो," आनिएल्लो म्हणतो. आणि पुढे म्हणतो, "सव्वीस वर्षं हिनं हा चौक झाडला."

हे वाक्य तिनं मागितलं नव्हतं.