आईचं विरजण

आतड्याच्या अस्तराला लागून रोगप्रतिकारक पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात. दह्यातले जंतू पोटात उतरले की त्या त्यांना चाचपतात आणि हे शत्रू नव्हेत असं कळलं की उगाच बोंब ठोकत नाहीत. हे जंतू बहुतेक मुक्कामाला राहत नाहीत, पाहुण्यासारखे येतात नि जातात. नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या कॉलेजात हे शिकले आणि सुट्टीत गावी, महाळुंगे पडवळला गेले की आईला ऐकवायचे.

"तुझ्या त्या पेशी आपल्या गावच्याच दिसत्यात," आई म्हणायची. "आल्यागेल्याच्या लई चौकशा!"

तिचं विरजण लग्नापासूनचं. रोजच्या दह्यातलं चमचाभर मागं ठेवायची, की झालं. एका सुट्टीत ती तापाने अंथरुणाला खिळली आणि ते काम माझ्याकडे आलं. उष्णतेने जंतू मरतात हे लिहून परीक्षेत मार्क मिळवलेली मी, घाईघाईत उकळतं दूध विरजणावर ओतून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी भांड्यात नुसतं दूध. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

नेमकी त्या संध्याकाळी आईला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. "दहीभात दे गं. आपलं दही."

शेजारच्या काकूंनी मागे आईकडूनच विरजण नेलं होतं. वाटी घेऊन धावले, तर त्या दिवा लावत होत्या.

"दिवं लागल्याव विरजण घराबाहेर देत न्हाईत, बाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून म्हणाल्या, "तुझं दूध हिकडं आण. हितंच लावू. सकाळच्याला ने."

सकाळी दोन घास खाऊन आईने माझ्याकडे पाहिलं. "शेजारचं हाय न्हवं?"

मी मान खाली घातली.

"मंग माझंच की," म्हणाली आणि वाटी पुसून खाल्ली.

निघताना ती डबीत विरजण देऊ लागली. मी म्हणाले, "कशाला गं? पुण्यात दही मिळतं."

पुढे काही वर्षांनी आई गेली. काकू म्हैस विकून मुलाकडे राहायला गेल्या. मी वाटी घेऊन जावं असं दार गावात उरलं नाही. काही पेशी एकदा झालेली ओळख वर्षानुवर्षं धरून ठेवतात म्हणे. माझ्यातली एखादी त्या पाहुण्यांची अजून वाट बघत असेल. मी तर बघतेच.

पुण्यात दही मिळतं. रोज आणते.