पार्टिशनमागची ताई

कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर धाकटा भाऊ बसायचा आणि प्लायवुडच्या पार्टिशनमागे थोरली बहीण. भावाला सगळे साहेब म्हणायचे. माऊसची वायर कुठं खुपसायची हे त्याला आजही विचारावं लागे, पण साहेब तो साहेबच. बहिणीला सगळे ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. बाईच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो, असा साहेबांनी शोध लावला होता. म्हणून ते पार्टिशन.

गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळणारं गिऱ्हाईक आलं की मात्र साहेबांची बोबडी वळायची. ते आपले सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड पुढे करायचे. मग आतून आवाज यायचा, "स्क्रीन एक लावणार की तीन? एकच असेल तर एवढं कार्ड कशाला? आणि खुर्चीला चाकं आहेत का?" चाकांच्या खुर्चीत बसून पायाखालच्या पेडलवर जोरात ब्रेक मारला की गाडी राहते बाजूला, माणूसच मागच्या भिंतीवर आदळतो. हे ऐकून गिऱ्हाईक हसायचं आणि तिथून पुढं तिचंच ऐकायचं.

तिची आणखी एक पद्धत होती. ती साधा वजनकाटा भिंतीला उभा टेकवायची, गिऱ्हाइकाला बूट काढून समोर बसवायची आणि म्हणायची, "समोर कुत्रं आडवं आलंय. मारा ब्रेक." काट्यावर जो आकडा येई, त्यावरून ती ब्रेकच्या पेडलची स्प्रिंग निवडायची. स्टिअरिंग कुणालाही जमतं, माणूस ब्रेकवर हरतो, असं तिचं म्हणणं. साहेब हेच वाक्य पुढं काउंटरवर स्वतःचं म्हणून खपवायचे.

मग हॉलवाले आले. त्यांचा बिलियर्डचा हॉल चालेना, म्हणून त्यांना तिथं शर्यतीची आठ मशीन लावायची होती. ते साहेबांना म्हणाले, "मशीन नुसती विकून पळू नका. ज्यानं ती उभी केली त्यालाच मी इनचार्ज म्हणून ठेवणार. उद्घाटनाच्या दिवशी चावी त्याच्या हातात."

ताईनं हे आतून ऐकलं आणि तिच्या हातातला स्क्रू खाली पडला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामाला मान देणारी जागा बोलून दाखवली होती. त्या दिवशी ती भावाला म्हणाली, "त्यांना सांगशील ना, हे सगळं मी करते म्हणून?"

"अगं, सांगतो की. योग्य वेळी सांगतो."

तीन आठवडे ती हॉलवर राबली. कार्ड, पंखे, पेडल, सगळं तिनं स्वतः निवडलं. तीन नंबरच्या मशीनचा ब्रेक तिनं मुद्दाम हलका ठेवला, वयस्कर माणसांसाठी. हॉलवाले यायचे संध्याकाळी आणि तोवर ताई दुकानात परतलेली असायची. साहेब मात्र अगदी वेळेवर तिथं हजर असायचे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांना फोटो काढायची हुक्की आली. वायरी दिसतात म्हणून त्यांनी सगळ्या उपटल्या, फोटो काढले आणि परत लावल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं काही जोडलं. कॉम्प्युटरच्या मागं स्क्रीनची वायर लावायला सारख्याच दोन जागा असतात, एक मुख्य बोर्डाची आणि एक कार्डाची. साहेबांनी आठही वायरी बोर्डाच्या जागी ठोकल्या. पडद्यावरच्या गाड्या सुरळीत पळवणारी, एवढी निवडून घेतलेली कार्डं आत नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी हॉल माणसांनी भरला. खेळ सुरू झाला आणि गाड्या वळणावर अडखळू लागल्या. ताईला दारातूनच कळलं काय झालंय ते. तिनं हात पाठीमागे बांधले. आज हात लावायचा नाही. होऊ दे एकदाची शोभा, मग विचारतील तरी कुणी जोडलंय म्हणून.

साहेब तिच्या कानाशी आले. "ताई, जरा बघ ना. सगळे बघतायत."

"मोठ्यानं सांग, मशीन माझ्या बहिणीनं उभी केलीत. मग बघते."

साहेब जवळची खुर्ची उगाच सरळ करू लागले. ताईही हलली नाही. आणखी पाच मिनिटं ती तशीच राहिली असती, तर हॉलवाल्यांनी विचारलंच असतं.

पण तीन नंबरवर एक म्हातारा टॅक्सीवाला बसला होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. गाडी तिसऱ्यांदा कठड्यावर गेली, तसा तो उठू लागला. शेजारच्याला म्हणाला, "माझाच पाय गेलाय वाटतं. मशीन चांगलंय हो."

ते मात्र तिला सोसवेना. "बसा, काका. पायाला काही झालेलं नाही तुमच्या," असं म्हणून ती टेबलाखाली शिरली आणि वायर बोर्डाच्या जागेवरून काढून कार्डाच्या जागी लावली. गाडी लोण्यासारखी पळू लागली. काकांनी वळणावर ब्रेक मारला आणि ती बरोबर जागेवर आली. ते लहान मुलासारखे हसले. मग ताईनं दोन नंबरच्या वायरची जागा बदलली, एकच्या बदलली, चारच्या बदलली. वर टाळ्या पडत होत्या आणि हॉलवाले साहेबांची पाठ थोपटत होते.

ताई टेबलाखालून बाहेर आली. गुडघ्यांना धूळ, केसात जळमट. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आठही मशीन मी उभी केलीत."

हॉलवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हसून म्हणाले, "हो तर! ताईची खूप मदत होते मला."

यात खोटं पकडायला जागाच नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि भावापेक्षा जास्त राग तिला स्वतःच्या हातांचा आला. हॉलवाले तिच्याकडे पाहून कौतुकानं म्हणाले, "अशी बहीण मिळायला नशीब लागतं." आणि चावी साहेबांच्या हातात दिली.

चावी खिशात टाकता टाकता साहेब हळूच म्हणाले, "ताई, पाचची गाडी अजून अडखळतेय गं."

ती पाच नंबरच्या टेबलाखाली गेली.