प्याल्याची कड

कुणाला रागवायचं असलं की आमचे पाळकसाहेब स्वतःच आजारी पडायचे. चेहरा उतरायचा, घास गिळवायचा नाही. पाळकीणबाईंनी त्यांची भाकरी परत टोपल्यात ठेवली, की आज कुणाची तरी पाळी आहे हे ओळखावं. पिरंगुटच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चारचौघांत कुणाला बोलणं त्यांना जमलंच नाही. ते घरी यायचे, चहा घ्यायचे, म्हशीची, भाताची, जावयाची चौकशी करायचे. तासाभराने समोरच्यालाच दया यायची आणि तो विचारायचा, साहेब, माझं काही चुकलं का? एकाने तर घाबरून दोन जुन्या चुका कबूल केल्या. साहेब आले होते भलत्याच कामाला. अशानं धाक राहत नाही, असं मंडळीचे पंच कुरकुरायचे. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "ज्याला सोडून द्यायचं असतं, त्याला चारचौघांत बोलावं. मला कुनालाच सोडायचं न्हाई."

माझी पाळी आली तेव्हा मी बावीस वर्षांची, शाळेत मास्तरीण, आणि साहेबांची लाडकी. शेजारच्या उरवड्याची पारूबाई नुकताच बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली होती. प्रभुभोजनाच्या उपासनेत द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायचा. तिच्यानंतर तो माझ्याकडे आला आणि ओठ लावण्याआधी मी पदराने त्याची कड पुसली. आमच्या घरात दोन पिढ्या ख्रिस्ती. जात कधीच मागे टाकली, असं आम्ही मोठ्या तोंडाने सांगायचो. पारूबाईने ते पाहिलं. पुढच्या रविवारी ती आली नाही.

सोमवारी साहेब आमच्याकडे आले. शाळेची, आईच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. मग खाली बघत म्हणाले, "पोरी, तो प्याला प्रभूचा हाय. तू कुनाचं उष्टं पुसलंस, इचार कर."

मी उसळले. तुम्ही पाळक आहात, माझे बाप नाही. उद्यापासून चर्चची पायरी चढणार नाही, असं तोंडाला येईल ते बोलले. त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यावर राग धर. पन पारूबाईकडं जा," एवढंच म्हणाले आणि दाराचा आधार घेत उठले.

दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर उरवड्याची वाट धरली. पारूबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी आधी पाणी मागितलं. तिने तांब्या दिला. चुकले मी, असं कसंबसं म्हणाले.

"रविवारीच साहेब आलं हुतं," ती म्हणाली. "हितंच उंबऱ्यात बसून रडलं. म्हनलं, पोरीला बोल लावू नगा, माझंच शिकवनं कमी पडलं. माझी माफी मागून गेलं."

मी तांब्या तसाच तोंडाला लावला.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, काही वर्षांनी ते वारलेही. माझ्यासाठी ते कुणाच्या उंबऱ्यात बसून रडले होते, हे मला कळलंय, एवढंसुद्धा मी त्यांना कधी सांगितलं नाही.