झालं नाही, होतंय

माझ्या देवासच्या स्टुडिओतल्या डिस्क सांभाळायला धारहून एक गृहस्थ येतात. 'झालं का?' विचारा, उत्तर एकच: 'होतंय.' मुलीचं लग्न ठरलं का विचारलं, तरी 'होतंय'!

परवा एका लग्नाची फिल्म कॅमेऱ्याच्या कार्डावरून तुकड्यातुकड्यांनी चार डिस्कवर उतरत होती, रखडत. त्यांनी तुकड्यांचा आकार वाढवला, वेग वाढला. माझं कुठलं समाधान!

"भिया, डिस्कच्या आधी भराभर भरून घेणारी ती मधली मेमरीही चालू करा ना!"

"तिची बॅटरी मेलीय, वीज गेली की पोटातलं सगळं विसरेल. डिस्कवर उतरायच्या आधीच 'हो गया' म्हणेल. तुमच्या देवासकरांसारखी."

मी हट्ट सोडला नाही. त्यांनी चालू केली आणि काय पळाली फिल्म! पडद्यावर 'पूर्ण' उमटलं. मी कॅमेऱ्याचं कार्ड पुसायला निघालो, तर गृहस्थांनी ते उचलून खिशात टाकलं आणि शांतपणे चहा ढवळू लागले.

तेवढ्यात वीज गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली. वीज आल्यावर पाहतो तर फिल्ममध्ये वरमाला होती, सप्तपदी गायब!

गृहस्थांनी मेमरी बंद केली, खिशातलं कार्ड लावलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. इतक्यात दारात नवरीचे वडील. "झालं का?"

मी छाती काढून म्हणालो, "होतंय!"

गृहस्थ पहिल्यांदाच हसले.