काकूंचा रेडिओ पाण्यात असतो

थर्माकोलला ऑइलपेंट लावू नये, हे मला माहीत नव्हतं. तेव्हा आमच्याकडे थर्माकोल नवीनच आलं होतं. मलकापुरातल्या आमच्या गल्लीच्या गणपतीचं मखर करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कराडच्या हायस्कुलात शिकवायचो. भूगोल शिकवायचो, पण गल्लीला मास्तर म्हटलं की सगळं सारखंच. मी चांगलं उंच शिखराचं देऊळ कापलं. चकाकी यावी म्हणून शिखराला रुपेरी ऑइलपेंट दिला आणि चहा प्यायला घरात गेलो. परत येतो तर शिखर खाली बसलेलं. गाभाऱ्यापर्यंत भोक पडलं होतं आणि कडा अजून शांतपणे विरघळत होत्या.

मी ब्रश हातात धरून तसाच उभा होतो. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक गृहस्थ आले. इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, पांढरा बनियन, मिशा सरळ. रंग न लागलेला एक तुकडा त्यांनी उचलला, तळहातावर ठेवला, डोळे मिटले आणि हात हळूहळू वरखाली केला. सोनार वजन करतो तसा.

"मास्तर, रंग थर्माकोल खातो ते सोडा," ते म्हणाले. "पर रंग जड बी लय असतो." मग जरा थांबून, "उरल्यालं मला देता का?"

हे आमचे सुभेदार. फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशाच्या खात्यात, उभी हयात काढून नुकतेच घरी आले होते. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच होती, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत मला त्यांच्याविषयी जे कळलं त्यातलं निम्मं भिंतीतून कळलं.

ती तळहाताची सवय सगळ्याच गोष्टींना लागू होती. लग्नपत्रिका आली की आधी वजन, मग मजकूर. पापड, साबणाची वडी, माझ्या हातातलं मासिक, काहीही. "जड हाय," एवढंच म्हणायचे आणि परत द्यायचे. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले, तेव्हा मी मागे सरलो. काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

वजनाचा हा ध्यास विमानापायी होता. नोकरीत असताना कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर त्यांनी परदेशी मासिक पाहिलं होतं. त्यात पाण्यावरून उडणाऱ्या लहानशा विमानाचा फोटो होता. काठावर एक माणूस हातात डबा घेऊन उभा, आणि त्या डब्याच्या बटणावर विमान वळतंय. तो फोटो त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

"पण पाण्यावरूनच का?" मी एकदा विचारलं.

"आवं मास्तर, भूगोल तुमी शिकवता न्हवं? सपाट रान दावा मला एक. सपाट तितका ऊस, आन माळावर धोंडं. आपल्याकडं मोकळं आन सपाट म्हंजे निस्तं पाणीच."

मी वर्गात कृष्णाकाठ शिकवत होतो, पण असा विचार केला नव्हता.

शेगडीच्या जुन्या कॉइलची तार ओढून सरळ करायची, करवतीच्या चौकटीत ताणायची आणि बॅटरीवर तापवायची. तापली की ती थर्माकोलातून सायीतून सुरी जावी तशी जायची. असे त्यांनी पंख कापले. जोडायला कणकेची खळ, वर पतंगाचा कागद, पोटाला मेणबत्तीचं मेण. मोटर मोडक्या टेपरेकॉर्डरची, पुन्हा चार्ज होणारे सेल पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले. सगळं जमलं. अडलं ते डब्याचं हुकूम देणं आणि विमानातल्या डबीचं ते ऐकणं. त्याला लागणारे भाग एकाच ठिकाणी होते. काकूंच्या, म्हणजे सुभेदारांच्या बायकोच्या, रेडिओत.

हा रेडिओ साधा नव्हता. सुभेदार सरहद्दीवर आणि काकू मलकापुरात, अशी त्यांच्या संसाराची बरीच वर्षं गेली. पोरबाळ नव्हतं. पहिल्या मोठ्या रजेत सुभेदारांनी तो आणून दिला होता. सकाळी सातला सांगलीहून भक्तिगीतं लागायची, मग बातम्या. "घरात दुसरा आवाज त्येवढाच व्हता बाई," काकू माझ्या बायकोला सांगायच्या. आता माणूस घरी आला आणि आवाज गेला.

सुभेदारांनी शब्द दिला होता. "इमान पाण्यावरनं उठलं, की मशीन काढून रेडिओ परत. फौजी जबान हाय."

त्या बोलीवर दोन दिवाळ्या गेल्या.

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी रेडिओचं रिकामं खोकं फळीवर तसंच ठेवलं, वरचं क्रोशाचं झाकण धुऊन पुन्हा घातलं, आणि रोज सकाळी सातला त्या खोक्याचं बटण फिरवायच्या. टक्. आवाज आमच्या भिंतीतून ऐकू यायचा. मग बराच वेळ काही नाही. सुभेदारांची करवतीची चौकट त्या वेळी थांबलेली असायची, हेही ऐकू यायचं.

एकदा पोस्टमन रेडिओच्या लायसनचं विचारायला आला. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं.

"रेडिओ आहे ना घरात?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "पर तो पाण्यात असतो."

पोस्टमननं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो पुढच्या घरी गेला.

रविवारी सकाळी आम्ही कोयनेच्या बंधाऱ्यावर जायचो. तिथलं पाणी अडवलेलं, आरशासारखं. विमान खांद्यावर सुभेदारांच्या, आणि मी मागून डबा घेऊन. माझं काम गुडघाभर पाण्यात उभं राहून शेपूट धरायचं आणि इशारा झाला की सोडायचं. मी दर वेळी उत्साहात ढकलायचो. "ढकलायचं न्हाई मास्तर. निस्तं सोडायचं," हे मला किती वेळा सांगितलं असेल. मोटर कुईकुई करायची, विमान पाणी कापत सुसाट जायचं, मागे दोन पांढऱ्या रेघा, आणि पलीकडच्या काठाला जाऊन लव्हाळ्यात थांबायचं. उठायचं नाही.

म्हशी धुणारा एक गडी नेहमी असायचा. तो दर रविवारी म्हणायचा, "होडी झ्याक हाय, सुभेदार."

"होडी न्हाई ती."

"मग कवा उडणार?"

"पाण्यानं सोडलं पायजे," सुभेदार म्हणायचे. परतताना वाटेत पुन्हा तेच, स्वतःशी. "पाणी सोडत न्हाई गड्या."

त्यांनी पंख पातळ केले. एक सेल कमी केला. शेवटी स्वतःच्या मिशा कापल्या, तेव्हा मला वाटलं वजनासाठीच कापल्या की काय. पण ते कारण नव्हतं. दातापायी वरचा ओठ शिंगाड्यासारखा सुजला, म्हणून डॉक्टरनं त्या काढायला सांगितल्या होत्या, असा काकूंनी भिंतीपलीकडून खुलासा केला.

मग एका संध्याकाळी मी आणि बायको त्यांच्याकडे पोहे खायला गेलो. काकूंनी ओटा नुकताच पुसला होता. गुळगुळीत कडप्पा, अजून ओला. सुभेदारांनी रिकामी ताटली ओट्यावर ठेवली, मग पुन्हा पोहे घ्यायला उचलायला गेले, तर ताटली निघेना. सपाट बुडाची स्टीलची ताटली. ते नखांनी ओढू लागले.

"अहो, अशी वर ओढू नका," माझी बायको म्हणाली. "कडेला सरकवा. बुडाखाली जरा हवा शिरली की आपोआप सुटते."

सुभेदारांनी ताटली ओट्याच्या कडेला सरकवली. ती सहज हातात आली. त्यांनी ती पुन्हा ओल्या कडप्प्यावर ठेवली, पुन्हा ओढली, पुन्हा सरकवली. पोहे गार झाले. मग त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, पायाला पाय जुळवून कडक सलाम ठोकला, आणि आतल्या खोलीत निघून गेले.

"काय झालं ह्यास्नी?" काकू म्हणाल्या.

तार तापल्याचा वास आला. आत डोकावलो तर विमानाच्या सपाट पोटाला त्यांनी मध्यावर आडवी पायरी कापली होती. पुढचा भाग खाली, मागचा बोटभर वर. मागच्या बाजूनं हवा शिरायला जागा.

त्या रविवारी काकू पहिल्यांदा बंधाऱ्यावर आल्या. आपला रेडिओ जातो तरी कुठं, ते बघायला आलेय, म्हणाल्या. माझी बायकोही आली. मी पाण्यात उतरलो, शेपूट धरलं. इशारा झाला. या वेळी मी ढकललं नाही. खरं सांगायचं तर पाय घसरून मी खाली बसलो आणि शेपूट आपोआप सुटलं.

त्यामुळे विमान उठलं ते मी पाण्यात बसूनच पाहिलं. आधी दोन पांढऱ्या रेघा. मग एक बारीक रेघ. मग रेघच नाही. विमान पाण्याच्या वर होतं आणि त्याची सावली खाली वेगळी पळत होती.

म्हशीवाल्याच्या हातातला घासायचा दगड तसाच राहिला. सुभेदारांनी बटण दाबलं, विमान वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं. पुन्हा बटण, पुन्हा वळलं. तिसऱ्या वेळी बटण दाबलं आणि ते वळलं नाही. सरळ गेलं. सुभेदार दाबत राहिले. नदीपल्याड डोक्याच्या वर गेलेला ऊस होता, कारखान्यापर्यंत पसरलेला. विमान त्याच्यावरून लहान लहान होत गेलं, आणि मग नुसता ऊस उरला.

"पाण्यानं सोडलं," सुभेदार म्हणाले. बटणावरचं बोट तसंच होतं.

"गेला?" काकूंनी विचारलं. त्या विमानाविषयी विचारत नव्हत्या.

सुभेदारांचा चेहरा तेव्हा बदलला. ते काकूंकडे बघायचे टाळत म्हणाले, "तू बघितलंस न्हवं उडाल्यालं?"

"बघितलं की. चांगलं उडालं." मग पदर सावरत, "पर आता सकाळचं काय?"

दोन दिवस आम्ही उसात शिरून पाहिलं. पानांनी हात कापले, दुसरं काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला भिंतीतून नेहमीसारखं ऐकू आलं. टक्. आणि मग, कधी नव्हे ते, आवाज. परेडच्या मैदानावरचा, पण दबका.

"समस्त श्रोत्यांना सुभेदाराचा रामराम. आता ऐका भक्तिगीत."

आणि सुभेदार गाऊ लागले. सूर नावाची वस्तू त्यांच्याजवळ नव्हती. अभंग त्यांनी कदमतालावर धरला होता. कडवं विसरले की "व्यत्ययाबद्दल क्षमस्व" म्हणायचे आणि पुढचं घ्यायचे. मग पेपरातल्या बातम्या, मग उसाचा आणि हवेचा अंदाज, खिडकीतून बघून. आम्ही दोघं चहाचे कप घेऊन भिंतीला कान लावून बसलो होतो.

संपल्यावर काकू म्हणाल्या, "ह्या टेसनाला खरखर लय हाय."

"हवा खराब हाय," सुभेदार म्हणाले.

त्यानंतर रोज टक् झालं की कार्यक्रम सुरू. माघात ऊसतोड आली तेव्हा टोळीतल्या एका बाईकडे विमान सापडलं. एका पंखानं ती चुलीला वारा घालत होती. मेणात गुंडाळलेली डबी मात्र शाबूत. सुभेदारांनी जबान पाळली, खोक्यात सगळं परत बसवलं. रेडिओ लागला. काकूंनी सगळी भक्तिगीतं ऐकली. बातम्या सुरू झाल्या तशी पुन्हा टक्. "बातम्या तुमच्याच बऱ्या. ती बाई लय घाईनं वाचती."

पुढं माझी बदली सांगलीला झाली. सुभेदार गेल्याचं कळलं तेव्हा पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. पोचलो तर सकाळचे सात वाजायला आले होते. घर झाडून लख्ख. छताला नवं विमान टांगलेलं, पंख कापून जोडलेले, शेपूट करायचं राहिलेलं. मी हात वर करून त्याला तळहाताचा आधार दिला. काहीच वजन लागलं नाही हाताला.

काकू उठल्या, फळीकडे गेल्या, बटण फिरवलं. भक्तिगीत लागलं. सुरेल, स्वच्छ. एक कडवं त्यांनी उभ्यानं ऐकलं आणि बटण परत फिरवलं.

"लय साफ लागतंय," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली होती. तासगावचा फाटा मागे पडला. मी मांडीवरचा पेपर उघडला आणि नेहमीसारखा मनातल्या मनात वाचू लागलो.

"अहो," ती बाहेरच बघत म्हणाली, "उद्यापासून पेपर मोठ्यानं वाचत जा. खरखर असली तरी चालेल."