पुढच्या गाडीसाठी वाऱ्याची वाट

एप्रिलमध्ये, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, माझ्या भाचीने स्वतः घडवलेल्या भागावर करवतीचे पाते चालवले. कारखानदाराने आवारातला सरळ रस्ता चाचणीसाठी वापरायला दिला होता. नंदनवनहून सामान माझ्या गाडीतून नेले होते, म्हणून मी तिथे होतो.

ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या महाविद्यालयातले विद्यार्थी दरवर्षी एका आसनाची शर्यतीची गाडी बांधतात. त्या गाडीवरून आणि गाडीतून वाहणाऱ्या हवेचा विभाग तिच्याकडे होता. पुढची गाडी स्पर्धेत उतरेल तेव्हा ती महाविद्यालयात नसणार होती. तरी त्या गाडीच्या दोन बदलांवर तिने पूर्ण हिवाळा घालवला होता.

पहिला बदल तळाचा. तो मागच्या टोकाला वर वळवायचा, म्हणजे गाडी रस्त्याला जास्त धरून राहते. त्यावर सगळ्यांचे एकमत होते. वाद दुसऱ्याचा होता. ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना पोकळ कवचे असतात, त्यांना ही मुले साइडपॉड म्हणतात. समोरून आत शिरलेला वारा रेडिएटर थंड करून मागून बाहेर पडतो. जुन्या गाडीत ही गरम, विस्कटलेली हवा थेट मागच्या पंखावर जाई आणि पंखाचे काम बिघडे. भाचीने नव्या कवचांचे मागचे तोंड आवळून नुसती फट ठेवली होती. संघाचा कप्तान कामठीचा, मितभाषी मुलगा. त्याने आधीच सांगितले होते की इंजिन तापले तर पुढच्या गाडीलाही जुनेच साइडपॉड बसतील. परीक्षेआधी नव्या कवचांचा साचा टाकायला घ्यायचा होता, म्हणून दुसरी चाचणी शक्य नव्हती.

नवे साइडपॉड जुन्या गाडीवर चढवले. पंखावर आणि कवचांवर लोकरीचे छोटे धागे चिकटवले. धागा सपाट पडला तर वारा नीट वाहतो, फडफडला तर वाऱ्याचा प्रवाह तुटतो. पहिल्या फेरीचे चित्रण सगळ्यांनी फोनवर पाहिले. पंखावरचे धागे विंचरल्यासारखे बसले होते. कप्तानानेही मान डोलावली. पुढच्या फेरीत तापमानाचा काटा चढला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. साइडपॉडच्या पुढच्या तोंडाजवळचे धागे बाहेरच्या बाजूला वळले होते. मागे पुरेशी वाट नसल्याने वारा आत शिरत नव्हता; खिडक्या लावलेल्या खोलीत कूलर वारा देत नाही, तसे झाले होते.

भाचीने लॅपटॉप उघडून गणित तपासले. त्यात बाहेरच्या हवेचे तापमान पंचवीस अंश धरलेले होते. प्रोग्रॅममध्ये तो आकडा आधीपासून भरलेला असतो. तो कोणीच बदलला नव्हता.

"पंचवीस?" कप्तान म्हणाला. "हे कोणत्या गावचं नागपूर आहे वं?"

"डिसेंबरातलं आहे गा," ती म्हणाली.

मुले हसली. कप्तान हसला नाही. मग जुनेच ठेवू, असे त्याने सांगितले. तिने दुपारपर्यंत वेळ मागितला. ऊन वाढत होते, ड्रायव्हर घामाने भिजला होता, तरी कप्तानाने वेळ दिला.

तिने मार्करने रेघ आखली. फट मागे रुंद करण्याऐवजी तिने खालच्या अंगाला तोंड काढायचे ठरवले, म्हणजे गरम हवा पंखाखालून निघेल. नाकातोंडावर ओला रुमाल बांधून तिने पाते चालवायला घेतले. ते कवच घासून गुळगुळीत करायला तिची कित्येक आठवड्यांची मेहनत गेली होती. एका मुलीला राहवले नाही. "काहून कापून राहिली वं? इतकं सुंदर झालं आहे."

"सुंदर ठेवून काय करू? मले वारा बाहेर पाहिजे."

दुसरी बाजूही तिनेच कापली. कडा ओबडधोबड राहिल्या, त्यांवर चिकटपट्टी लावली.

भर उन्हात गाडी पुन्हा धावली. काटा चढला आणि लाल रेषेच्या खाली थांबला. फेऱ्या वाढवल्या तरी तो तिथेच राहिला. कप्तान फोनवरचे चित्रण पाहू लागला. त्याने काही म्हणण्याआधी भाचीनेच पंखाच्या मध्यावर बोट ठेवले.

"हे दोन धागे अजून हलून राहिले. ध्यानात ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला. "साचा असाच टाकू."

साचा पावसाळ्यात पूर्ण झाला. त्यात तोंड खालच्या अंगाला आहे. भाची आता पुण्यात नोकरी करते. मधल्या दोन धाग्यांचे काम दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे आहे. नवी गाडी अजून धावलेली नाही.